जिल्हा कुठून मोजायचा? हेडपासून की टेलपासून?



निवडणूक जवळ आली, किंवा एखाद्या मंत्र्याच्या भाषणात ओझरता उल्लेख झाला, की आपल्याकडं एक जुना वाद परत तापतो. जिल्ह्याचं विभाजन! मग दोन-चार दिवस गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा. संगमनेरचे म्हणतात मुख्यालय आमच्याकडं, श्रीरामपूरचे म्हणतात पहिला हक्क आमचा, शिर्डीचे म्हणतात विमानतळ, रेल्वे, जगभरचे भाविक सगळं इथंच, मग दुसरीकडं कशाला? आणि दक्षिणेतले म्हणतात, करा एकदाचे दोन तुकडे, निदान आमचं पाणी तरी आम्हाला मिळेल.

आठवड्याने सगळं शांत. पुढच्या निवडणुकीला परत पहिल्यापासून.

या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी विचारत नाही. हा जिल्हा या आकाराचा झालाच कसा? ही रेघ कुणी ओढली, कधी ओढली आणि कुणाच्या सोयीसाठी ओढली? ते कळलं तर पुढचा निम्मा वाद आपोआप मिटतो असं माझं मत आहे. म्हणून आजची ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन निवांत वाचा.

आधी आकार समजून घेऊ

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर. गोवा हे अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात साडेचार गोवे बसतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. चौदा तालुके. शेजारी नाशिक, ठाणे, पुणे, सोलापूर, धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर असे सात जिल्हे.

पश्चिमेचं टोक अकोले तालुक्यात. तिथं कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. तिथंच हरिश्चंद्रगड, रतनगड, घाटघर. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली थेट कोकण दिसतं. पावसाळ्यात तिथं भाताची आवणी चालू असते, माणसं इरलं घेऊन वावरात उभी. आणि त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात, कर्जत-जामखेडचा शेतकरी आभाळाकडं बघत बाजरी पेरावी की थांबावं याचा हिशेब करत असतो. दोघांचा कलेक्टर एक, पालकमंत्री एक. दोघांचा पाऊस मात्र एक नाही.

अजून एक गंमत बघा. गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांना वेगळं करणारा उंचवटा आपल्या जिल्ह्यातूनच जातो, अगदी नगर शहराच्या जवळून. प्रवरा, मुळा, आढळा, म्हाळुंगी या नद्या गोदावरीकडं जातात. सीना शहराला खेटून वाहते, पण तिचं पाणी भीमेला आणि पुढं कृष्णेला मिळतं. म्हणजे नगर तालुक्यात पडलेला पाऊस काही राजमुंद्रीच्या बाजूने समुद्रात जातो, तर काही विजयवाड्याच्या बाजूने. निसर्गाने इथं एक रेघ आधीच ओढून ठेवलेली आहे. पण सरकारी रेघ ओढणाऱ्यांनी तिच्याकडं कधीच पाहिलं नाही.

रेघ कुणी ओढली?

शहराचा इतिहास बहुतेकांना पाठ आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढं इथं राजधानी वसवली. चांदबिबीने किल्ला लढवला. १६०० मध्ये तो मुघलांनी घेतला. १७०७ मध्ये औरंगजेब इथंच भिंगारला मेला. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडं आला, पुढं शिंद्यांकडं गेला आणि १८०३ मध्ये वेलस्लीने तो तोफा लावून घेतला. १९४२ मध्ये याच किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते.

पण हा सगळा इतिहास शहराचा. 'जिल्हा' ही चीज आपल्याकडं आली १८१८ नंतर. त्याआधी परगणे होते, महाल होते, जहागिऱ्या होत्या. एकाच गावात एका धन्याचा वसूल आणि शेजारच्या गावात दुसऱ्याचा, असा प्रकार सर्रास.

पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार एल्फिन्स्टनकडं आला. त्याने जिंकलेला मुलूख आपल्या माणसांत वाटून दिला. पुण्याला रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्याला ग्रँट डफ, धारवाडकडं चॅपलिन आणि नगरला कॅप्टन हेन्री पॉटिंजर. नावापुढचं 'कॅप्टन' लक्षात घ्या. लष्करातला माणूस. त्याच्या ताब्यात दिलेला मुलूख साधारण वरच्या चांदवडच्या डोंगररांगेपासून खाली भीमेपर्यंत. म्हणजे आजचा नाशिकचा मोठा भागसुद्धा नगरच्या कलेक्टराकडं.

आता सांगा, मुख्यालय नगरलाच का? ते कुणी गावागावांत जाऊन विचारून ठरवलं नव्हतं. इथं भक्कम किल्ला होता, लष्कराची छावणी होती, पुणे-औरंगाबाद रस्ता होता. नव्यानेच ताब्यात आलेल्या मुलखावर लक्ष ठेवायला आणि शेतसारा गोळा करायला ही जागा सोयीची होती. वसूल करणाऱ्याच्या सोयीने ओढलेली ही रेघ. वसूल देणाऱ्याला कचेरी किती लांब पडते हा प्रश्न त्या हिशेबात नव्हताच.

हे दोनशे वर्षांपूर्वीचं झालं म्हणून सोडून देऊ नका. आजही मुख्यालय कुठं यावर भांडताना आपण तोच हिशेब करतो. कुठल्या शहराचा मान मोठा, कुठल्या नेत्याचं वजन जास्त. लांबच्या गावाला काय पडेल, हे आजही कुणी विचारत नाही.

जिल्ह्याचे तुकडे आधीही झालेत

'अखंड जिल्हा' हा शब्द भाषणात फार ऐकू येतो. पण मंडळी, आपला जिल्हा अखंड कधी होता? एवढा मोठा मुलूख एका कलेक्टराला झेपेना हे इंग्रजांच्या लवकरच लक्षात आलं. १८३८ मध्ये सोलापूर वेगळं उपजिल्हा म्हणून काढलं. मध्ये ते मोडलं, गावं इकडची तिकडं झाली आणि १८६९ पासून सोलापूर कायमचं स्वतंत्र झालं. त्याच १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला. नगरचे उत्तरेकडचे तालुके आणि खानदेशातले मालेगाव, नांदगाव, बागलाण हे भाग एकत्र करून तो बनवला.

म्हणजे आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो, तो वरून नाशिक आणि खालून सोलापूर कापल्यावर उरलेला भाग आहे. नाशिक वेगळं झालं म्हणून नगरचं काही बिघडलं का? नाही. आज नाशिक नगरमध्ये होतं हे तिथल्या पोरांना सांगितलं तर ती हसतील. रेघा बदलतात आणि लोक सवय करून घेतात.

पूर्वेची हद्द म्हणजे एका वेळी परदेश

पूर्वेकडची रेघ मात्र वेगळ्या प्रकारची. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासा, कोपरगाव या तालुक्यांच्या पलीकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. कोपरगावची गोदावरी ओलांडून पुढं गेलं की वैजापूर. जामखेडच्या पलीकडं आष्टी, पाटोदा. आज तिकडं आपण लग्नाला, बाजाराला सहज जातो. तेव्हा ते दुसरं राज्य होतं, तिथलं नाणं वेगळं, कायदा वेगळा.

जामखेडची गत तर फारच अवघड. इंग्रजी अमदानीत हा तालुका एकसंध नव्हता. गावांचे पुंजके इकडं-तिकडं विखुरलेले आणि मधे निजामाचा मुलूख. त्याच तालुक्यात खर्डा. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ती इथं. त्याच तालुक्यात चोंडी. ३१ मे १७२५ ला अहिल्यादेवींचा जन्म झाला ते गाव. आज जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे, त्यांचं जन्मगाव मुख्यालयापासून इतक्या लांब, अगदी सीमेवरच्या तालुक्यात आहे हे विसरू नका.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि ही परदेशी हद्द एका फटक्यात साधी जिल्ह्याची हद्द झाली. पण दीडशे वर्षं टोकाला राहिलेल्या तालुक्यांना रस्ते, रेल्वे, शाळा, दवाखाने उशिरानेच पोचतात. जामखेडला आजही रेल्वे नाही.

अकराचे चौदा तालुके

१८८४ चं जुनं गॅझेटियर काढून बघितलं तर त्यात आपल्या जिल्ह्याचे अकरा तालुके दिसतात. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, शेवगाव, जामखेड, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. यात तीन नावं नाहीत. पाथर्डी, श्रीरामपूर आणि राहाता.

पाथर्डी मुख्यतः शेवगावातून निघालं. श्रीरामपूरची गोष्ट जास्त मजेशीर. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली तेव्हा तिथं शहर नव्हतं. स्टेशनला नाव दिलं जवळच्या बेलापूर गावाचं. स्टेशनभोवती बाजार वाढला, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाना आला आणि बघता बघता बाजारपेठ मूळ गावापेक्षा मोठी झाली. तालुका झाला, नाव श्रीरामपूर झालं. पण रेल्वेने काही नाव बदललं नाही. आजही श्रीरामपूरला उतरायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. नवीन पाहुण्याची अजूनही फजिती होते.

राहाता सगळ्यात धाकटा, १९९९ चा. त्याआधी शिर्डी कोपरगाव तालुक्यात होती. लोणीच्या जुन्या कागदांवर 'ता. श्रीरामपूर' असं सापडतं. गाव तिथंच, विहीर तीच, वाडा तोच, तालुका मात्र बदलला. कुणी रडलं नाही. उलट तहसील जवळ आलं म्हणून लोक खूष झाले. तालुका फोडताना जे सहज जमलं, ते जिल्हा फोडताना का जमत नाही, याचा विचार करा. तालुक्याच्या वेळी प्रश्न होता कचेरी जवळ येईल का. जिल्ह्याच्या वेळी प्रश्न होतो पाटी कुठं लागेल.

उत्तर आणि दक्षिण कशी झाली?

आता मुद्द्याच्या मुळाशी येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात उत्तर-दक्षिण असा भेद आजच्यासारखा नव्हता. सगळाच दुष्काळी मुलूख. १८७६-७८ च्या दुष्काळाने सगळ्यांनाच सारखं झोडपलं होतं.

भेद पाडला तो कालव्यांनी. नाशिककडच्या दारणा धरणाचं पाणी नांदूर मधमेश्वरवरून गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडं आलं. भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांत आलं. पाणी आलं तसा ऊस आला. आधी खाजगी कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमाराला धुराडं पेटलं. त्यापाठोपाठ कारखाने, बँका, दूध संघ, शाळा, कॉलेजं, दवाखाने. कारखान्याच्या चेअरमनकीतून आमदारकी, आमदारकीतून मंत्रिपद. असा 'उत्तर नगर' तयार झाला.

दक्षिणेत पाणी आलं ते उशिरा, तेही अर्धवट. कुकडीची धरणं जुन्नर-आंबेगावात. घोडचं धरण चिंचणीला, शिरूर तालुक्यात. दोन्ही पुणे जिल्ह्यात. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतचं सारं लक्ष पुण्याकडून सुटणाऱ्या आवर्तनावर. जामखेडच्या बऱ्याच भागाला तेही नाही.

म्हणजे लक्षात घ्या. उत्तर-दक्षिण ही काही निजामशहाने किंवा पॉटिंजरने ओढलेली रेघ नाही. ही पाण्याने ओढलेली रेघ आहे. आणि तीसुद्धा सरळ नाही. संगमनेर उत्तरेत, पण तळेगाव दिघे पट्ट्यातल्या माणसाला विचारा उत्तरेचं पाणी कुठं आहे ते. निळवंडे धरणाला मंजुरी १९७० ची, आणि कालव्यात पाणी सुटलं २०२३ मध्ये. त्रेपन्न वर्षं! ज्यांच्या जमिनी कालव्यात गेल्या त्यांच्यातले कितीतरी जण पाणी न बघताच गेले. याउलट जिल्ह्याचं नाव बदलायची घोषणा चोंडीला ३१ मे २०२३ ला झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काम फत्ते. नाव बदलायला माझा विरोध नाही, अहिल्यादेवींचं नाव ही अभिमानाचीच गोष्ट. पण मनात आणलं तर सरकार किती पटकन चालतं, एवढंच दाखवायचं होतं.

जिल्हा निम्मा फुटलेलाच आहे

विभाजन होणार की नाही असं आपण विचारतो. पण बारकाईने बघितलं तर ते थोडं थोडं होऊन गेलंय.

गाड्यांचे नंबर बघा. नगरचा एमएच १६, श्रीरामपूरचा एमएच १७. श्रीरामपूरला अपर पोलीस अधीक्षक. २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालयाला मंजुरी मिळाली, त्यावर श्रीरामपुरात नाराजी उमटली. लोकसभेचे मतदारसंघ तर केव्हाचे दोन. पूर्वी अहमदनगर आणि कोपरगाव, २००९ च्या निवडणुकीपासून अहमदनगर आणि शिर्डी.

पण या रेघा एकमेकींशी जुळतात का? इथंच खरी गोची आहे. लोकसभेला नेवासा शिर्डीत, म्हणजे उत्तरेत. राहुरी मात्र नगरमध्ये, म्हणजे दक्षिणेत. बोलीभाषेत कुणालाही विचारा, राहुरी दक्षिणेत म्हटलं तर राहुरीकर चमकून बघेल. शेवगाव-पाथर्डी राजकारणात दक्षिण, पण नदीच्या हिशेबात त्यांचं बहुतेक पाणी गोदावरीच्या खोऱ्यातलं.

म्हणजे चार सरकारी खाती आणि चार वेगवेगळे नकाशे. 'उत्तर' आणि 'दक्षिण' या शब्दांवर सगळ्यांचं एकमत आहे, पण ते कुठं संपतात आणि कुठं सुरू होतात यावर नाही.

मुळा धरणाचं काय करणार?

दक्षिणेतल्या मित्रांना माझा एक प्रेमाचा प्रश्न आहे. विभाजन झालं की पाणी मिळेल हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुकडीचं पाणी पुणे जिल्ह्यातून येतं. नगर एक असो की दोन, भांडण पुण्याशीच राहणार. उलट आज अख्ख्या जिल्ह्याचे बारा आमदार आहेत, निदान कागदावर तरी सगळे आपले. उद्या त्यातले निम्मेच तुमचे राहतील. तिकडं गोदावरी खोऱ्यात तर जिल्ह्याच्या हद्दीला कुणी विचारतच नाही. समन्यायी पाणीवाटपाचा २०१४ चा आदेश आला आणि जायकवाडीत ठराविक साठा नसेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याचे निर्णय खोऱ्यावर होतात, कलेक्टरच्या हद्दीवर नाही.

आणि सगळ्यात अवघड गाठ आहे मुळा धरणाची. मुळा नदी उगम पावते हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, अकोले तालुक्यात. संगमनेरच्या पठार भागातून येते. धरण राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला, २६ टीएमसीचं. त्याचा उजवा कालवा राहुरी, नेवासा करत शेवगाव-पाथर्डीकडं जातो. आणि नगर शहराच्या नळाला येणारं पाणीसुद्धा याच धरणाचं. आता ओढा रेघ! राहुरी उत्तरेत गेली तर दक्षिणेच्या मुख्य शहराचं पिण्याचं पाणी दुसऱ्या जिल्ह्यात. राहुरी दक्षिणेत ठेवली तर नेवाशाच्या कालव्याचं तोंड दुसऱ्या जिल्ह्यात. आज आवर्तनाची बैठक एका टेबलावर होते तरी मारामारी होते. उद्या दोन टेबलं झाल्यावर काय, हे कुठल्याच नेत्याच्या भाषणात मी ऐकलेलं नाही.

दक्षिणेत ज्या गावांनी पाणी केलं, त्यांनी कुठल्या विभाजनाची वाट पाहिली नाही. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातलं, तिथं १९७५ नंतर काम सुरू झालं. हिवरे बाजार नगर तालुक्यातलं, १९८९ नंतरचं. दोन्ही गावं त्याच कमी पावसाच्या पट्ट्यातली. माथ्यावर पडलेला थेंब गावच्या शिवारात अडवला, बोअर घेण्यावर बंधन आणलं, पिकांचं गणित बसवलं. नकाशा होता तोच राहिला.

मग विभाजन नकोच का?

नाही, तसं मी म्हणत नाही. कारभारासाठी विभाजन हवं, हे माझं स्पष्ट मत आहे. घाटघरच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत एक सही घ्यायची तर जाताना दीडशे किलोमीटरच्या पुढं प्रवास. एसटी बदलत बदलत पोचेपर्यंत दुपार. साहेब मीटिंगला गेले असतील तर मुक्काम, नाहीतर परत दुसरी खेप. सिव्हिलमधलं दिव्यांग प्रमाणपत्र, जमिनीच्या मोबदल्याची सुनावणी, जिल्हा परिषदेतली पेन्शनची फाईल, सगळ्याला हेच. एका दाखल्यासाठी दोन दिवसांचा रोज बुडवणाऱ्या माणसाला अखंड जिल्ह्याचा अभिमान कसा परवडायचा?

महाराष्ट्रात हे नवीनही नाही. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशिम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, २०१४ ला पालघर. शेजारच्या तेलंगणाने तर २०१६ मध्ये एका दिवसात १० चे ३१ जिल्हे केले, पुढं ३३ झाले. आंध्राने २०२२ मध्ये १३ चे २६ केले. कायद्याची अडचण म्हणाल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४ मध्ये सरकारला हा अधिकार आहे. अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, निर्णय करायचा. जनगणनेसाठी हद्दी गोठवतात तेवढा काळ सोडला तर दार उघडंच असतं.

पण या दहा जिल्ह्यांतून शिकण्यासारखंही आहे. गडचिरोली चंद्रपूरमधून वेगळं केलं, चांगलं केलं. पण मुख्यालय आलं उत्तरेकडच्या भागात, आणि सिरोंचाच्या माणसाला आजही दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. म्हणून अहेरी जिल्ह्याची मागणी उभी राहिली. पालघर ठाण्यातून वेगळं काढलं ते आदिवासी भागासाठी. मुख्यालय झालं रेल्वेलाइनजवळ, सपाटीवर. जव्हार-मोखाडा डोंगरातच राहिले. नवा जिल्हा झाला, पण ज्याच्या नावाने झाला त्याच्या दारात पोचला नाही.

आपल्याकडं हेच होण्याची भीती आहे. संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी, तिन्ही मोठी गावं. तिन्हींना रस्ते आहेत, दवाखाने आहेत, पुढारी आहेत. मुख्यालय कुठंही झालं तरी या तिघांचं फार बिघडत नाही. बिघडतं ते राजूर, घाटघर, कोतूळच्या माणसाचं. आणि दक्षिणेत मुख्यालय नगरलाच राहिलं तर खर्ड्याच्या माणसाला विभाजनाने काय मिळालं? काहीच नाही. त्याचा रस्ता तेवढाच, एसटी तीच.

टेल टू हेड

कालव्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. आवर्तन सुटलं की हेडवाला आधी भिजवून घेतो. टेलवाल्याच्या चारीला पाणी पोचेपर्यंत गेट बंद होतं. म्हणून शेतकऱ्यांनी भांडून 'टेल टू हेड' मागून घेतलं. आधी शेवटच्या चारीला पाणी, मग मागं मागं येत हेडला.

जिल्ह्याचं विभाजन करायचं असेल तर तेही टेल टू हेड करा. आधी घाटघर, कोतूळ, खर्डा, बोधेगाव, मिरजगाव अशा गावांची यादी काढा. तिथून एसटीने निघालेला माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो का, हा एकच निकष लावा आणि मग मुख्यालय ठरवा. ते संगमनेर निघो, श्रीरामपूर निघो की शिर्डी, त्या गावाने पेढे वाटावेत, बाकीच्यांनी मोकळ्या मनाने मान्य करावं. मुख्यालय एका गावाला, तर मोठं रुग्णालय दुसऱ्याला, न्यायालय तिसऱ्याला, असंही वाटता येतं. जिल्ह्याचं सगळं एकाच चौकात असलं पाहिजे हा नियम इंग्रजांचा होता, त्यांना किल्ल्याच्या सावलीत बसायचं होतं. आपल्याला नाही.

मुळा धरणाच्या पाण्याचा करार मात्र रेघ ओढायच्या आधी कागदावर आला पाहिजे. कोणत्या कालव्याला किती, शहराला किती, तुटीच्या वर्षी कुणाचं किती कापायचं, सगळं. नंतर करू म्हणाल तर ते नंतर निळवंड्यासारखं त्रेपन्न वर्षांनी येतं.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत निदान एवढं तरी करा. ज्या कामाला कलेक्टरची प्रत्यक्ष गरज नाही, ती सगळी कामं प्रांत कचेरीत द्या. महिन्यातून ठरलेल्या दिवशी जिल्ह्याचे अधिकारी अकोल्याला आणि जामखेडला बसवा, तारीख आधी गावात लावा आणि ती पाळा. याला ना विधानसभेची मंजुरी लागते, ना नवी इमारत. इच्छा लागते.

पुढच्या वेळी गावात कुणी नेता विभाजनावर बोलायला उभा राहिला, तर मुख्यालय कुठं हे विचारू नका. त्याचं उत्तर तो तुमचं गाव बघून देईल. त्याला विचारा, राहुरी कुठं टाकणार आणि मुळेचं पाणी कसं वाटणार. आणि मग विचारा, घाटघरचा आणि खर्ड्याचा माणूस काम करून त्याच दिवशी घरी पोचेल का.

तुमच्या गावातून जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन यायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, ते गाव आणि तालुक्याच्या नावासह खाली लिहा. सगळ्या चौदा तालुक्यांतली माहिती जमली तर तिचा एक तक्ता करून मी इथंच टाकीन. नेत्यांच्या नकाशाआधी आपला नकाशा तयार असू दे.